शेवाळाचे वाण : साठवणीत काय टिकते, काय मरते



उसाचे बेणे घेताना आपण डोळा तपासतो, बेणे किती महिन्यांचे ते विचारतो, तोडल्यापासून किती दिवसांत लावण होणार याचा हिशोब करतो. आठ दिवस उन्हात पडलेली मोळी बेण्याला कोणी घेत नाही. जिवाणू खताच्या पुडीबद्दल मात्र एवढा विचार होत नाही. पुडी आणली, पत्र्याखालच्या फळीवर टाकली, सवड मिळाली तशी वापरली. पुढे पिकात फरक दिसला नाही की आपण म्हणतो, "कल्चरमध्ये काही दम नाही." पुष्कळ वेळा दम असतो, पण तो फळीवर पडल्या पडल्याच निघून जातो.

या पाठात आपण निळ्या-हिरव्या शेवाळाची साठवण समजून घेणार आहोत. ज्या सभासदांची उसाबरोबर भाताची खाचरे आहेत, त्यांना याचा सरळ उपयोग आहे. ज्यांचा फक्त ऊस आहे, त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे. उसाला लागणाऱ्या जिवाणू खतांची साठवण कुठे सारखी आहे आणि कुठे अगदी उलटी आहे, हे पुढे येणारच आहे.

शेवाळ म्हणजे नेमके काय?

डोळ्यांना जो हिरवा बुळबुळीत थर दिसतो, तो लाखो बारीक पेशींचा मेळा असतो. एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. यात दोन जाती मुख्य. एक खरे हिरवे शेवाळ, उदाहरणार्थ क्लोरेला. दुसरे निळे-हिरवे शेवाळ. शास्त्रज्ञ आता या दुसऱ्याला जिवाणूंच्या कुळात धरतात, पण आपल्या बोलण्यात ते शेवाळच आहे. नॉस्टॉक, ॲनाबीना, टॉलीपोथ्रिक्स, ऑलोसिरा ही त्यातली शेतीच्या कामाची नावे.

यांचा गुण असा की उन्हाच्या बळावर ती आपले अन्न आपण करतात, आणि हवेतला नत्रही बांधतात. भाताच्या खाचरात वर्षानुवर्षे खत न घालताही थोडेबहुत पीक येते, याचे एक मोठे कारण हे शेवाळ आहे, असे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ साली दाखवून दिले. बनारसचे आर. एन. सिंग यांनी १९५० साली उसर जमीन सुधारण्यासाठी शेवाळाचा उपयोग मांडला. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शेतकऱ्याला स्वतःच्या अंगणात शेवाळ वाढवता येईल अशी साधी पद्धत बसवली. माती, पाणी, थोडे सुपर फॉस्फेट आणि मुठभर वाण. वर थर धरला की पाणी आटू द्यायचे आणि वाळलेले पापुद्रे गोळा करायचे. भात लावल्यावर आठवड्याभरात हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी ४ किलो पापुद्रे साचलेल्या पाण्यात फेकावेत, अशी शिफारस आहे. शेवाळ चांगले धरले तर हेक्टरी २० ते ३० किलो नत्राची भर पडते.

पण हे सगळे "वाण जिवंत असेल तर" या एका अटीवर आहे.

मिळकत बंद, खर्च चालू

साठवणीत जीव का मरतो, हे घरखर्चाच्या हिशोबाने चटकन कळेल. ओली पेशी जागी असते. जागी असली की ती श्वास घेते आणि अंगातला साठा जाळते. उजेडात असेल तर नवे अन्न करून भरपाई करते. अंधाऱ्या पोत्यात भरपाई नाही. मिळकत बंद आणि खर्च चालू! असा संसार किती दिवस चालणार?

त्यात उष्णता वाढली की खर्चही वाढतो. साधारण दहा अंशांनी तापमान चढले की श्वसन जवळजवळ दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. म्हणून २० अंशाला जो साठा चार आठवडे पुरेल, तो ३० अंशाला दोनच आठवडे पुरेल आणि ४० अंशाला एकच. त्यापुढे पेशीतली प्रथिनेच बिघडू लागतात. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको.

वाळलेली पेशी मात्र झोपते. तिची मिळकतही बंद आणि खर्चही जवळजवळ बंद. अशी ती वर्षानुवर्षे पडून राहू शकते. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यासाठी खास तयारी करतात. त्यांच्या माळेतल्या काही पेशी मोठ्या होतात, जाड कवच घेतात आणि आत साठा भरून ठेवतात. याच त्यांच्या सुप्त पेशी. काही जाती अंगाभोवती चिकट गोंदासारखे आवरण करतात. ते पाणी हळूहळू सोडते आणि पुढे पहिल्या पावसाला झटकन ओढून घेते.

आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. पाणी निघून जाताना पेशीचे पातळ पडदे एकमेकांना चिकटून फाटण्याची भीती असते. ते टाळण्यासाठी पुष्कळशा जाती पेशीत शर्करा साठवतात. ट्रेहॅलोज ही त्यातली एक आणि सुक्रोज ही दुसरी. सुक्रोज म्हणजे आपण उसात पिकवतो तीच साखर. पाण्याच्या जागी साखर बसते आणि पडदा शाबूत राहतो.

हे झोपणे-उठणे तुम्ही पाहिलेले आहे. उन्हाळ्यात कातळावर, बांधावर किंवा न वापरलेल्या अंगणात काळे, चुरचुरीत पापुद्रे दिसतात. मृगाचा पाऊस पडला की तेच फुगून हिरवट-काळपट, बुळबुळीत होतात आणि पाय घसरतो. ते बहुधा नॉस्टॉक असते. ओले झाल्यावर आधी श्वसन सुरू होते, मग अन्न तयार करणे आणि सगळ्यात शेवटी, काही दिवसांनी, नत्र बांधणे. म्हणून पापुद्रे फेकल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी सोडून दिले तर पदरात काही पडत नाही. पाणी धरून ठेवावे लागते.

सत्त्याऐंशी वर्षांची झोप

वाळलेले शेवाळ किती वर्षे तग धरते? अमेरिकेतले चार्ल्स लिपमन यांनी १९४१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पतींचे नमुने वाळवून कागदावर जपून ठेवतात, तशा संग्रहातला नॉस्टॉकचा एक नमुना त्यांनी घेतला. तो ८७ वर्षांचा होता. त्याला पाणी आणि पोषण दिले आणि तो पुन्हा वाढू लागला. कागदाच्या घडीत, सावलीत, कोरडा आणि कोणी हात न लावलेला. एवढ्याच भांडवलावर तो टिकला.

पण यावरून "शेवाळ मरतच नाही" असा अर्थ काढू नये. सगळ्या जाती नॉस्टॉकसारख्या चिवट नसतात. ज्या सुप्त पेशीही करत नाहीत आणि चिकट आवरणही करत नाहीत, त्यांतल्या पुष्कळशा वाळल्या की मरतात. चिवट जातीतही सगळ्या पेशी जगत नाहीत. हजारातल्या काही जगतात आणि त्यांच्यापासून पुढचा वंश चालतो. प्रयोगशाळेला तेवढे पुरते. शेतकऱ्याला पुरत नाही. का पुरत नाही, ते पुढे पाहू.

प्रयोगशाळा कशी जपते?

हॉलंडचे मार्टिनुस बायेरिंक यांनी १८८९ साली क्लोरेलाचे शुद्ध वाण वेगळे केले. हेच शास्त्रज्ञ पुढे १९०१ साली अझोटोबॅक्टरचा शोध लावणारे. त्या क्लोरेलाचा वंश जर्मनीतल्या गटिंगेन येथील संग्रहात आजही जिवंत आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एक वाण कसे जपले असेल? त्याच्या मुख्य रीती तीन.

पहिली रीत विरजणाची. रोजच्या दह्यातले थोडे काढून नव्या दुधाला लावतो, तसे जुन्या नळीतले थोडे शेवाळ नव्या पोषण-पाण्यात घालायचे. १५ ते २० अंश तापमान आणि मंद उजेड ठेवला की वाढ सावकाश होते आणि हे काम काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी करावे लागते. उजेड प्रखर केला तर शेवाळ भराभर वाढते, पोषण संपते, पेशी पिवळ्या पडतात. उजेड मुळीच नसेल तर उपासमार. या रीतीचे तोटेही विरजणासारखेच. एकदा परका जंतू शिरला की पुढचे सगळे बिघडले. चिठ्ठी चुकली तर वाणच बदलले. शिवाय फार वर्षे आरामात वाढलेले वाण आपले गुण विसरते. स्पायरुलिनाची मळसूत्रासारखी पिळदार माळ प्रयोगशाळेत राहून कधी कधी सरळ होते. तयार नत्र घातलेल्या पाण्यात सतत वाढवलेल्या जातीत नत्र बांधणाऱ्या खास पेशी कमी होतात. घरात बसवून खायला घातलेल्या बैलाला नांगर ओढायची सवय राहत नाही, तसेच हे.

दुसरी रीत वाळवणीची. ती आपण पाहिली. जपानचे वातानाबे यांनी शेवाळ सच्छिद्र खड्यांवर वाढवून वाळवण्याची युक्ती काढली होती. आपल्याकडे मातीच देतात. माती आणि शेवाळ एकत्र वाळते, ओल हळूहळू जाते आणि पेशींना झोपेची तयारी करायला वेळ मिळतो.

तिसरी रीत अतिथंडीची. द्रवरूप नत्रात उणे १९६ अंशाला वाण ठेवतात. तिथे पेशीतली सगळी हालचाल थांबते आणि दशके गेली तरी फरक पडत नाही. पण तिथवर पोचणे अवघड असते. पेशीत बर्फाचे स्फटिक झाले की ते सुरीसारखे पडदे कापतात. म्हणून आधी ग्लिसरीनसारखे द्रव्य घालतात, मिनिटाला एक अंश अशा सावकाश गतीने गार करतात, मग एकदम बुडवतात. बाहेर काढताना मात्र कोमट पाण्यात झटपट वितळवतात.

यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे १५-२० अंशाचा असतो. तिथे हालचाल पूर्ण थांबत नाही आणि स्फटिक मात्र वाढत राहतात. ओले शेवाळ किंवा जिवाणू खत जपण्यासाठी त्या कप्प्यात ठेवणे म्हणजे ते मारून ठेवणे होय.

अर्धवट ओल हा सगळ्यात मोठा शत्रू

पूर्ण ओले शेवाळ उजेडात जगते. पूर्ण वाळलेले शेवाळ अंधारात जगते. या दोहोंच्या मधले, म्हणजे दमट, ना धड जागे ना धड झोपलेले, असे शेवाळ सगळ्यात लवकर जाते. पोतडीत थोडी ओल राहिली की बुरशी आणि इतर जंतू जागे होतात. प्लास्टिकच्या पिशवीचे तोंड घट्ट बांधले असेल तर आतला प्राणवायू संपतो आणि कुजणे सुरू होते. उघडल्यावर कुबट किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजावे की वाण गेले.

पापुद्रे पुरते वाळले की नाहीत, हे बोटांनी कळते. पापुद्रा वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. वाकला किंवा हाताला गार लागला, तर तो अजून ओला आहे. पसरट परातीत किंवा स्वच्छ गोणपाटावर पातळ थर देऊन आणखी दोन दिवस वाळवावा.

थोडे मेले तर काय बिघडले?

"अर्धे मेले तरी उरलेले वाढतीलच की!" असे कोणी म्हणेल. वाढतील हे खरे. पण भाताच्या खाचरात वेळ मोजकी असते. लावणीनंतर भात दाटले की पाण्यावर सावली पडते आणि शेवाळाला ऊन मिळत नाही. त्याआधीच त्याने वाढून घ्यायला हवे.

उदाहरणापुरते समजा की शेवाळ दोन दिवसांत दुप्पट होते. तुमच्या पोतडीतले सोळाव्या हिश्श्याइतकेच जिवंत राहिले असेल, तर पूर्ण जिवंत वाणाच्या बरोबरीला यायला चार वेळा दुप्पट व्हावे लागेल. म्हणजे आठ दिवस गेले. चौसष्टावा हिस्सा उरला असेल तर बारा दिवस गेले. तेवढ्यात खाचरातले फुकटचे हिरवे शेवाळ आणि तण जागा अडवतात. पाण्यातले किडे आणि गोगलगायी उरलेसुरले खातात. पोतडी तीच आणि मजुरीही तीच. पण नत्र हाती येत नाही.

जुने वाण तपासण्याची घरची रीत

याला खर्च नाही. तीन सारखी पसरट भांडी घ्यावीत, मातीची किंवा काचेची. शेतातली चाळलेली माती घेऊन ती अर्धा तास वाफवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवावी. असे केल्याने मातीत मुळात असलेले शेवाळ आणि जंतू बहुतेक मरतात. गार झाल्यावर प्रत्येक भांड्यात दोन बोटे मातीचा थर द्यावा, चिमूटभर सुपर फॉस्फेट घालावे आणि वर उकळून गार केलेले पाणी चार बोटे ठेवावे. माती आम्ल असेल, तर चिमूटभर चुना टाकावा. निळ्या-हिरव्या शेवाळाला आम्ल माती मानवत नाही.

पहिल्या भांड्यात जुने पापुद्रे टाकावेत. दुसऱ्यात त्याच वजनाचे ताजे, खात्रीचे पापुद्रे टाकावेत. तिसऱ्यात काहीच टाकू नये. तिन्ही भांडी सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा ठिकाणी ठेवावीत. वर पातळ पारदर्शक कागद सैल झाकावा, म्हणजे डासांची अंडी पडणार नाहीत. आटलेले पाणी भरत राहावे.

पंधरा दिवस रोज पाहावे. पहिले भांडे दुसऱ्याच्या बरोबरीने हिरवे-निळे झाले, तर वाण उत्तम. चार-आठ दिवस मागे राहिले, तर वाण दुबळे झाले आहे. ते सरळ शेतात न टाकता आधी अंगणातल्या वाफ्यात वाढवून घ्यावे आणि नवे पापुद्रे वापरावेत. पहिले आणि तिसरे भांडे सारखेच दिसले, तर पोतडीत आता फक्त माती उरली आहे.

तिसरे रिकामे भांडे कशाला, असे वाटेल. ते नसेल तर फसगत होते. माती-पाण्यात, हवेत शेवाळ असतेच. आपण काही न टाकताही भांडे हिरवे होऊ शकते आणि आपल्याला वाटते, वाण जिवंत आहे. एक मर्यादाही सांगायला हवी. ही परीक्षा जीव आहे की नाही एवढेच सांगते. जात कोणती ते सांगत नाही. लांब, चमकदार, हिरव्यागार दोऱ्या दिसल्या तर ते बहुधा नत्र न बांधणारे हिरवे शेवाळ असते. शंका आली तर नमुना कृषी विद्यापीठाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा.

उसाच्या जिवाणू खतांचे काय?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शेवाळ हे साचलेल्या पाण्यातल्या भातासाठी आहे. उसाच्या सरीत पाणी साचून राहत नाही आणि पाला दाटला की ऊनही मिळत नाही. म्हणून उसाला शेवाळाचे पापुद्रे टाकून मोठी आशा धरू नये.

उसाला अझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि ॲसिटोबॅक्टर वापरतात. यातला ॲसिटोबॅक्टर १९८८ साली ब्राझीलमध्ये उसातच सापडला. तो उसाच्या आत राहून नत्र बांधतो. यांच्या पुडीत लिग्नाइटची भुकटी असते आणि तिच्यात मुद्दाम ओल ठेवलेली असते. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला. त्याप्रमाणे भुकटीत ३० ते ४० टक्के ओल आणि दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत. द्रवरूप खतात दर मिलिलिटरला १० कोटी हवेत.

म्हणजे इथे रीत उलटी झाली. शेवाळ वाळवून जपायचे आणि लिग्नाइटची पुडी ओल राखून जपायची. ॲसिटोबॅक्टरला शेवाळासारखी झोपेची कवचे नाहीत. पुडी वाळली की तो मरतो आणि तापली तरी मरतो. म्हणून ही पुडी वापरण्याच्या दिवसापर्यंत फोडू नये, मुदत वाचून घ्यावी आणि हंगामाला लागेल तेवढीच उचल करावी. स्वस्त मिळाली म्हणून दोन वर्षांची पुडी आणून ठेवणे, हा घाट्याचाच व्यवहार आहे.

ध्यानात ठेवावे

१. शेवाळाचे पापुद्रे कडक वाळल्यावरच भरावेत. एका मोठ्या पोत्यापेक्षा चार लहान पिशव्या बऱ्या. एक बिघडली तरी तीन राहतात.

२. पिशवीवर वाणाचे नाव आणि वाळवल्याचा महिना-साल लिहावे. चिठ्ठी आतही टाकावी.

३. जागा कोरडी, सावलीची आणि गार असावी. पत्र्याखाली, चुलीजवळ किंवा गोठ्यात ठेवू नये. गोठ्यात ओलही असते आणि मुताचा अमोनियाही.

४. रासायनिक खत, कीटकनाशक व तणनाशक यांच्या शेजारी कोणतेही जिवाणू खत ठेवू नये.

५. लिग्नाइटची पुडी वाळू देऊ नये. पुडी असो की शेवाळ, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

६. जुन्यावर विसंबून न राहता दर उन्हाळ्यात थोडे ताजे वाण करून घ्यावे. फेब्रुवारी ते मे या दिवसांत ऊन भरपूर असते आणि पापुद्रे लवकर वाळतात.

गेल्या वर्षीची पोतडी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी तीन भांड्यांची परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लावावी. पंधरा दिवसांत निकाल कळतो. वाण दुबळे निघाले, तर रोहिणी लागण्याच्या आत अंगणातला वाफा भरायला सवड राहते. मेलेच असेल, तर नवे वाण आणायलाही वेळ मिळतो. लावणीच्या धांदलीत पोतडी उघडून वास घेत बसण्यापेक्षा हे पंधरा दिवस स्वस्त पडतात.